सिल्लोड : अक्षरे तीन, आकडे सात
सिल्लोड तालुक्यातल्या मक्याच्या एखाद्या शेताचा कागद काढायचा, तर कोणता कागद हे आधी ठरवावं लागतं. मालकी आणि बोजा पाहायचा असेल तर गाव नमुना ७, पीक पाहायचं तर १२, एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र हवी तर ८-अ. जमीन तीच, विचारणाऱ्याचं काम वेगळं. संगणकाच्या भाषांपुढेही हाच पेच असतो. मेमरीतली वस्तू म्हणजे नुसते आकडे. पडद्यावर आणायची तर तिला मजकुराचं रूप द्यावं लागतं. जावामध्ये 'टूस्ट्रिंग' स्वतः लिहिलं नाही, तर क्लासचं नाव, ॲटची खूण आणि मागे एक दुर्बोध आकडा उमटतो. जावास्क्रिप्टमध्ये साधी वस्तू मजकुराला जोडली की चौकोनी कंसात 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' एवढंच येतं. सातबाऱ्यावर फक्त 'जमीन जमीन' लिहून शिक्का मारावा, तसं. पायथनने मात्र काम वाटून दिलं : 'स्ट्र' वाचणाऱ्यासाठी, 'रेप्र' चूक शोधणाऱ्यासाठी. ही वाटणी चैन नव्हे, आणि ते इंग्रजीपेक्षा मराठीत लवकर कळतं.

'सिल्लोड' हाच शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं तीन. युनिकोडमध्ये मात्र स, वेलांटी, ल, हलन्त, ल, ओकार, ड असे सात संकेतांक, आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. पायथन २ मध्ये हे युनिकोड नाव एखाद्या यादीत घालून यादी छापली, की आतल्या नावाला 'रेप्र' लागू व्हायचं आणि गावाऐवजी उलटी तिरकी रेघ, यू, ०९३८ अशा सात तुकड्यांची माळ समोर यायची. इंग्रजी नाव त्याच यादीत सुखरूप. म्हणजे चूक शोधणारा मराठी वाचत असेल, हे कोणी गृहीतच धरलं नव्हतं. अत्सुओ इशिमोतो यांच्या प्रस्तावानुसार २००८ च्या पायथन ३ ने हे बदललं आणि 'रेप्र' देवनागरी सरळ छापू लागलं.

यावर आक्षेप असा की आकड्यांची माळ कुरूप असली तरी फसवत नाही. आक्षेपात दम आहे. 'शेतकऱ्यांना' यातला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टंकता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडखूण देऊन. दिसायला शब्द एकच. ताडून पाहिले तर वेगळे, आणि शोध रिकाम्या हाताने परततो. पण इथे नवं 'रेप्र' आंधळं नाही. छापता येणारी अक्षरं ते अक्षरं म्हणून दाखवतं, अदृश्य जोडखूण मात्र २००डी या संकेतांकाने उघडी पाडतं. र आणि नुक्ता सुटे टंकलेले असतील, तर तेही फसतं, हे कबूल; त्यासाठी 'ॲस्की' हे वेगळं फंक्शन ठेवलेलं आहेच. अडलेल्याने ते मागून घ्यावं, सगळ्यांच्या माथी कशाला? तरीही जुनी खोड पुरती गेलेली नाही. पायथन जेसन लिहिताना, वेगळं सांगितलं नाही तर, आजही 'सिल्लोड'चे तेच सात तुकडे पाडतं. २१ बाइटचं नाव ४२ बाइटचं होतं.