दोन पट्ट्या, दोन मापं आणि दोन्ही बरोबर!

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. परवा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत गेलो. माझा जुना विद्यार्थी तिथं पॅटर्न शॉप सांभाळतो. तीस वर्षांनी भेट!

"सर, एक गंमत दाखवतो," म्हणत त्यानं स्टीलच्या दोन पट्ट्या शून्याला शून्य जुळवून ठेवल्या. एकीवरचा ३०० चा आकडा दुसरीपेक्षा चक्क ३ मिमी पुढं!

मी म्हटलं, "अरे, ही चुकीची आहे."

तो हसला. "नाही सर, ही आमची श्रिंकेज पट्टी."

कारण सोपं आहे. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओततात. गार होताना ते साधारण १ टक्का आकसतं. म्हणून ३०० मिमीचा भाग हवा असेल, तर साचा पाडायचा पॅटर्न ३०३ मिमीचा करतात. दर वेळी हिशेब नको, म्हणून ही वाढ पट्टीतच धरलेली असते.

धातू बदलला की पट्टीही बदलते. अ‍ॅल्युमिनियम सुमारे १.३ टक्के आकसतं, पोलाद सुमारे २ टक्के. मशीनिंगमध्ये निघून जाणारा जादा माल वेगळा धरावा लागतो.

निघताना तो म्हणाला, "सर, तुम्ही गोळा आणि कडीचा प्रयोग दाखवला होता बघा, तोच हा."

तापलेला गोळा कडीत अडकतो, गार झाला की आरपार जातो. मी तो दहा मिनिटांत उरकायचो. यानं त्यावर संसार उभा केला.

शिक्षक मित्रांनो, प्रसरणाचा धडा घेताना ही पट्टी जरूर सांगा. काही शंका असेल तर खुशाल विचारा. मला नाही आलं, तर माझ्या विद्यार्थ्याला विचारून सांगतो!