अंक मागितला, अक्षर आले

पडद्यावर प्रश्न छापून टंकित उत्तर घेणाऱ्या, म्हणजे कन्सोल स्वरूपाच्या प्रोग्रॅमला अंकाऐवजी अक्षर मिळाले की तो 'हँग' होतो, असा सार्वत्रिक समज आहे. पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या कांदा व्यापाऱ्यासाठी सी++ मध्ये तोलनोंदीचा प्रोग्रॅम लिहिला आहे असे मानले, आणि 'वजन किती क्विंटल?' याला 'बारा' असे अक्षरी उत्तर आले, तर तोच प्रश्न पडद्यावर अखंड छापला जाऊ शकतो. परंतु संगणक तेव्हा अडकलेला नसून सांगितलेले काम विलक्षण वेगाने करत असतो. नाकारलेला मजकूर बफरमध्ये, म्हणजे इनपुट तात्पुरते साठवणाऱ्या जागेत, तसाच पडून राहतो आणि अपयशाची खूण कायम असल्याने पुढचे प्रत्येक वाचन तत्क्षणी फसते. 'क्लिअर'ने खूण पुसणे आणि 'इग्नोर'ने उरलेली ओळ टाकून देणे, ही दोन्ही कामे करावी लागतात; एकाने भागत नाही.

प्रोग्रॅमने तक्रार केली नाही म्हणजे इनपुट बरोबर होते, हा समज अधिक घातक आहे. वजन पूर्णांकात वाचले जात असताना '१२.५' हे इंग्रजी अंकांत टंकित केले, तर १२ स्वीकारले जातात, '.५' बफरमध्ये उरते आणि पुढचा प्रश्न दशांशातील भावाचा असल्यास व्यापाऱ्याने काही टंकित करण्याआधीच भाव अर्धा रुपया ठरतो. म्हणून संपूर्ण ओळ प्रथम मजकूर म्हणून वाचावी, मग तिचे संख्येत रूपांतर करावे आणि शेवटी काही उरले नाही ना, हे तपासावे. सी भाषेतील रूपांतराची 'एटोआय' ही आज्ञा येथे निरुपयोगी ठरते, कारण 'बारा' आणि खरेखुरे शून्य या दोहोंना ती शून्यच देते. 'स्ट्रटोल' मात्र रूपांतर कोठे थांबले तेही कळवते.

देवनागरी अंक संगणकाला कळत नाहीत, हेही अर्धसत्यच होय. मजकुराची संख्या करणारे पायथनचे 'इंट' आणि जावाचे 'पार्सइंट' '४१४' निमूट स्वीकारतात. सी++ चे नेहमीचे वाचन ते नाकारते. उलट पायथनच्या 'इजडिजिट' या चाचणीत वर्गाचा छोटा २ उत्तीर्ण होतो, पण 'इंट' त्याला नाकारते, आणि ऋण संख्या तर त्या चाचणीतच नापास होते. आपल्याकडील '१,२५,०००' ही मांडणीही स्वल्पविराम काढल्याखेरीज 'इंट'ला चालत नाही.

अंकांनी बनलेली प्रत्येक गोष्ट संख्याच असते, असेही नाही. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो, त्यामुळे २,१४,७४,८३,६४७ ही कमाल मर्यादा असलेल्या ३२ बिटांच्या पूर्णांकात एकही क्रमांक मावत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या सहा अंकी पिनकोडचीही बेरीज कोणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच साठवावा, आणि तपासायचे ते एवढेच की अंक सहा आहेत व पहिला शून्य नाही.