पाखाडी, दम आणि पोटातला गोळा

मंडणगड तालुक्यात सपाट वाट सापडणं तसं कठीणच. गावामागे किल्ल्याचा डोंगर उभा, वाडीतून वर यायचं तर जांभ्या दगडाची पाखाडी, शेतात उतरायचं तर पुन्हा पाखाडी. पाठीला दप्तर लावून तुम्ही ती रोज चढता, रोज उतरता. मग मला एक सांगा, पाय जास्त कशाने दुखतात, चढण्याने की उतरण्याने?

चढण्याने, असंच वाटतं ना? धाप तर चढतानाच लागते! पण एखाद्या सुट्टीच्या दिवशी किल्ल्याच्या माथ्यावर जाऊन या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना बघा. मांड्या अशा भरून आलेल्या असतात की ओटीवरून अंगणात उतरणंही नको होतं. हे दुखणं बहुतेक सगळं उतरण्याचं असतं. आणि ज्यांना यंदा शाळेच्या कबड्डी संघात शिरायचं आहे, त्यांनी तर ही गोष्ट नीट समजून घ्यायलाच हवी.

पावसाळा आला की शाळेत निवडीची कुजबुज सुरू होते. 15 जुलैला, म्हणजे कबड्डीसाठी आयुष्य वेचणाऱ्या बुवा साळवींच्या जन्मदिवशी, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. मग 14, 17 आणि 19 वर्षांखालचे संघ ठरायला लागतात. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. आणि कुणीतरी आठवीतली मुलगी मनातल्या मनात म्हणते, ‘मला दम पुरत नाही, माझं नाव कशाला येतंय!’ हा लेख मी खास तिच्यासाठी लिहितोय.

तर पायांचं काय होतं? चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि शरीराला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो, सायकलच्या ब्रेकसारखा. नाहीतर आपण धाडकन खालीच येऊ! अशा ताणात स्नायूच्या आतल्या बारीक तंतूंना सूक्ष्म इजा होते. शरीर लगेच दुरुस्तीला लागतं, तिथे थोडी सूज येते आणि एक-दोन दिवसांनी दुखणं सगळ्यात जास्त जाणवतं.

पूर्वी याचा दोष लॅक्टिक आम्लावर टाकला जायचा. 1983 साली अमेरिकेत संशोधकांनी माणसांना एकदा सपाटीवर पळवलं आणि एकदा उतारावर. रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढलं ते सपाटीवर पळताना. उतारावर ते वाढलंच नाही, पण पाय दुखले ते मात्र उताराचे! आहे की नाही गंमत?

खरी गंमत तर पुढेच आहे. आठवड्याभराने तोच डोंगर पुन्हा उतरा. या वेळी पाय कितीतरी कमी दुखतात, कारण स्नायूंनी पहिल्या वेळेचा धडा घेतलेला असतो. तो त्यांना काही आठवडे पुरतो, आणि मधून मधून उतरत राहिलात तर विसरतच नाहीत.

आता मैदानावर या. चढाईपटू गड्याला हात लावतो आणि गर्रकन मागे वळतो. वळण्याआधी त्याला आपलं धावतं शरीर एका पावलात थांबवायचं असतं. ते थांबवतो कोण? तोच ब्रेक लावणारा स्नायू. कोपऱ्यातली खेळाडू घोटा धरते आणि समोरच्याचा हिसका झेलते, तिथेही हेच काम. म्हणून पाखाडी धावत उतरू नका. सावकाश, प्रत्येक पायरीला गुडघा थोडा वाकवून, तोल सांभाळत उतरा. मात्र पावसात दगडांवर शेवाळ धरलं की तिथे सराव अजिबात नको. तेव्हा घरच्या पडवीत उठाबशा काढा. मनात पाच अंक मोजत बसायचं आणि पटकन उठायचं. ताण तोच आणि घसरायची भीती नाही.

आणि दम? कबड्डीची एक चढाई 30 सेकंदांची. जोरात झेप घेताना पहिली काही सेकंदं स्नायू स्वतःजवळचा साठा वापरतो. त्याचं नाव क्रिएटिन फॉस्फेट. हा साठा साधारण 10 सेकंदांत संपत येतो, मग साखरेचा नंबर लागतो. दोन-तीन मिनिटं उसंत मिळाली की पहिला साठा बराचसा पुन्हा भरतो. म्हणून सराव असा करा: 10 सेकंद जोरात चढायचं, मग शांतपणे खाली यायचं, श्वास सावरायचा आणि पुन्हा चढायचं. सुरुवातीला चार-पाच वेळा पुरे. छोट्या छोट्या धावांनंतर मुलांचे स्नायू मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलेलं आहे. तुमचे बाबा अजून धापा टाकत असतील आणि तुम्ही पुढच्या फेरीला तयार!

समुद्रकाठच्या वेळास गावातल्या मुलांकडे तर आणखी एक मैदान आहे, वाळूचं. घट्ट जमिनीपेक्षा मऊ वाळूत पळायला सुमारे दीडपट ऊर्जा लागते, कारण पाऊल रुतताना जोर वाळू हलवण्यातच जातो. थोडं पळूनही भरपूर व्यायाम होतो. फक्त कासवांच्या अंड्यांचा हंगाम असेल तेव्हा कुंपण घातलेल्या जागेपासून लांब पळा. तिथे त्यांची पिल्लं वाढत असतात.

‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना जीव कासावीस होतो तो कशाने? प्राणवायू संपला म्हणून, असं वाटतं. पण आधी ओरडा करतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास बाहेर पडून आत आला नाही की रक्तात तो साचतो. मेंदूच्या तळाशी त्यावर लक्ष ठेवणारी केंद्रं असतात. ती हुकूम सोडतात, ‘श्वास घे!’ प्राणवायू त्या वेळी बहुधा पुष्कळ शिल्लक असतो. सरावाने ही कासाविशी सोसायची सवय होते. मात्र हा सराव जमिनीवर आणि सोबत कुणीतरी असतानाच करायचा. भराभर श्वास घेऊन मग डोहात बुडी मारणं आणि दम मोजणं हे प्रकार जिवावर बेततात. ते कधीही, कुणाच्याही पैजेखातर करू नका.

हृदयाची प्रगती तर तुम्हाला घरीच मोजता येईल. सकाळी उठल्या उठल्या मनगटावर बोटं ठेवा, 15 सेकंद ठोके मोजा, चारने गुणा आणि वहीत लिहा. महिनाभराच्या सरावानंतर पाखाडी चढून आल्यावर नाडी पूर्वीपेक्षा लवकर शांत होते का, तेही मोजा. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागलं की त्याला तेवढी घाई करावी लागत नाही.

ही वही जपून ठेवा, कारण तिचा आणखी एक उपयोग आहे. आत्मविश्वास येतो कुठून, हा प्रश्न अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाला पडला होता. 1977 साली त्याने लिहिलं, की ‘मला हे जमेल’ असं वाटायला लावणारी सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे ते आधी थोडं थोडं जमलेलं असणं. तुमची वही म्हणजे त्याचाच पुरावा. दुसरी गोष्ट, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं. नुसतं ‘तुला जमेल गं’ म्हणणारे या दोन्हींच्या मागे पडतात. तुमच्या वाडीतली ताई किंवा दादा मंडळाकडून खेळत असेल तर तो सामना नक्की बघा. चेंडूच नसल्यामुळे नजर कुठे ठेवायची, असा प्रश्न पडेल. ताईच्या पायांवर ठेवा.

तरीही निवडीच्या सकाळी पोटात गोळा येणारच. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलीन सोडतात. हृदय धडधडतं, यकृत साखर रक्तात सोडतं, पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं, म्हणून पोटात कसंतरी होतं. म्हणजे शरीर खेळायला तयार होत असतं! अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेने 2014 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गाणं, भाषण किंवा गणिताच्या आधी ज्यांनी ‘मला हुरूप आलाय’ असं स्वतःला सांगितलं, त्यांचं काम ‘शांत हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. धडधड तशीच राहिली, फक्त तिच्याकडे बघायची नजर बदलली.

आणखी एक, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. कबड्डीत वयोगटाप्रमाणे वजनाची मर्यादा असते. त्यात बसायचं म्हणून उपाशी राहू नका, पाणी तोडू नका. वाढत्या वयात असं केलं तर दम, ताकद, झोप सगळ्यालाच फटका बसतो. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मासे आणि वेळेवर झोप हाच आपला खुराक. सारख्या वजनाचं मोजलं तर नाचणीत दुधाच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं.

मैदानात पहिली चढाई मिळाली की गुणांचा विचार नंतर करा. आधी समोरच्या संघाच्या अंगणातली ‘निदान रेषा’ ओलांडा आणि दम न तोडता परत या. कुणाला हात न लावता आणि ती रेषा न ओलांडता परतलात तर तुम्हीच बाद.

नाव आलं नाही, तर सरांना किंवा बाईंना जाऊन विचारा, ‘माझं काय कमी पडलं, पाय, पकड की दम?’ तिन्हींचा सराव वेगळा असतो. आणि उंचीचं म्हणाल, तर मुलींची झपाट्याची वाढ साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी होते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी, आणि त्यातही प्रत्येकाची वेळ वेगळी. आज रांगेत शेवटी उभा असलेला मुलगा 17 वर्षांखालच्या निवडीला येईल तेव्हा कदाचित त्याला पुढच्या मुलाच्या डोक्यावरून मैदान दिसत असेल.