स्थानिक संग्रहालयांची व्यवस्था (न्हावा शेवा परिसर)

स्थानिक संग्रहालय म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा परिसराच्या इतिहासाशी, व्यवसायांशी आणि लोकजीवनाशी निगडित वस्तूंचे जतन करणारी संस्था होय. महाराष्ट्रात अशी संग्रहालये केंद्र सरकार, राज्य सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा सार्वजनिक न्यास चालवतात. वस्तू मिळवण्यापेक्षा तिच्या देखभालीची दरवर्षी तरतूद करणे अवघड असते. गावचा ठेवा गावात राहतो की नाही, हे पुष्कळदा या तरतुदीवरच ठरते.

घारापुरीचा हत्ती

न्हावा शेवा बंदराजवळील घारापुरी बेटावर एक मोठा पाषाणी हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. इ.स. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात यारीची साखळी तुटली व हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते मुंबईत आणून १९१४ मध्ये जोडण्यात आले. हा हत्ती आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लेणी अर्थातच बेटावर राहिली. त्यांची देखभाल केंद्र सरकारच्या खर्चाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते. १९८७ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

निधीचे मार्ग

भायखळ्याचे संग्रहालय २ मे १८७२ रोजी खुले झाले. लोकवर्गणीतून सुरू झालेले त्याचे बांधकाम १८६५ च्या शेअरबाजारातील पडझडीनंतर रखडले आणि सरकारी पैशाने पूर्ण झाले. पुढे ते महानगरपालिकेकडे आले. २००३ मध्ये महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, आणि जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

अशा भागीदारीची गरज कायद्यातूनही दिसते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि नगरपरिषदांसाठीचा १९६५ चा अधिनियम या दोन्हींत संग्रहालय हे ऐच्छिक कर्तव्य आहे. साहजिकच पाणी, गटारे व रस्ते यांचा खर्च भागल्यावरच त्याचा क्रम लागतो. उरणसारख्या लहान नगरपरिषदेला हे विशेष जाणवते.

न्यासाच्या संग्रहालयाचा खर्च देणग्या, प्रवेशशुल्क व कायम निधीवरील व्याज यांतून भागतो. त्याचे हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे सादर करावे लागतात. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाचे अनुदानही मिळू शकते. मात्र इमारतीसाठीचा निधी एकदाच येतो, रखवालदाराचा पगार दरमहा द्यावा लागतो.

बंदर परिसर

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याच्या उभारणीत शेतजमिनी व मिठागरे गेली आणि शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन झाले. आगरी व कोळी कुटुंबांकडील जाळी, होड्यांचे साहित्य आणि मिठागरांतील अवजारे या बदललेल्या जीवनाची साक्ष देतात. ती जतन करण्यासाठी कंपनी अधिनियम, २०१३ चा आधार घेता येतो. या कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कला, संस्कृती व वारसा यांचे जतन हे त्या कामांच्या यादीत नमूद आहे.