विलीन झालेल्या विमान-कंपन्या आणि वैमानिकांचा ज्येष्ठताक्रम

दोन पेढ्या एक होतात तेव्हा खातेवह्या जुळविणे फारसे कठीण जात नाही. वरिष्ठ मुनीम कोणाचा मानावयाचा, येथे मात्र घोडे अडते. अमेरिकेतील विमान-व्यवसायात ही अडचण किती विकोपास गेली, त्याची हकीकत आपणां व्यापाऱ्यांस जाणून घेण्याजोगी आहे.

तेथील वैमानिकाचे सारे भवितव्य एका यादीतील क्रमांकावर अवलंबून असते. कोणते विमान, कोणता मार्ग, कप्तानपद केव्हा, आणि कपात झाल्यास प्रथम घरी कोणी बसावयाचे, हे तो क्रमांक ठरवितो. दुसऱ्या कंपनीत गेल्यास वीस वर्षांचा अनुभवी माणूसही यादीच्या तळाशी जातो. सबब हा क्रमांक म्हणजे त्याचे भांडवलच होय. आणि तेही बाजारात न विकता येणारे!

२००५ साली पूर्वेकडील यूएस एअरवेज व पश्चिमेकडील अमेरिका वेस्ट या कंपन्या एकत्र आल्या. पहिली जुनी, परंतु दिवाळखोरीत सापडलेली. तिचे कित्येक वैमानिक पंधरा वर्षांहून अधिक सेवा होऊनही कपातीमुळे घरी बसलेले. दुसरी १९८३ पासून उड्डाणे करणारी. तिचे नवखेही कामावर. पूर्वेकडील म्हणाले, रुजू झाल्याची तारीख हाच न्याय. पश्चिमेकडील म्हणाले, तुमची गेलेली जागा आमच्या चालू जागेच्या वर कशी? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

लवादमंडळाचे प्रमुख जॉर्ज निकोलाऊ यांनी मे २००७ मध्ये निवाडा दिला. दूर पल्ल्याची मोठी विमाने पूर्वेकडेच असल्याने वरचे ५१७ क्रमांक त्यांस मिळाले. पुढे कामावरील वैमानिक प्रमाणशीर मिसळले. कपातीतील मंडळी तळाशी गेली. आमच्या मते हिशेब चोख होता; पण पंधरा वर्षांच्या माणसास नवख्याखाली बसविणे कोणास पचावे?

पूर्वेकडील मते अधिक होती. त्यांनी २००८ मध्ये मतदानाने जुनी संघटना दूर सारून नवी आणली व निवाडा अमलात येऊ दिला नाही. कंपनी एक, पण याद्या दोन व करार दोन, अशी स्थिती झाली. पूर्वेकडील वैमानिक तर दिवाळखोरीच्या काळातील तुटपुंज्या वेतनावरच वर्षानुवर्षे उडत राहिले. पश्चिमेकडील वैमानिकांनी न्यायालयात धाव घेतली. नव्या संघटनेने त्यांचे न्याय्य प्रतिनिधित्व केले नाही, असे अपील न्यायालयाने २०१५ साली ठरविले. दरम्यान २०१३ मध्ये ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली होती. तिन्ही गटांची एकत्र यादी नव्या लवादाने २०१६ मध्ये दिली. तोवर २००५ च्या भांडणातील कित्येक वैमानिक वयाची ६५ वर्षे पुरी होऊन निवृत्त झाले होते.