सेवा-प्रारंभण, संगणकीय

संगणक चालू असताना वापरणाऱ्याच्या दृष्टीस न पडता पार्श्वभूमीवर अखंड काम करणाऱ्या कार्यक्रमांस ‘सेवा’ म्हणतात. मुद्रणाची कामे रांगेत लावणे, नेटवर्कची जोडणी राखणे, डेटाबेसमधील माहिती पुरविणे इ. कामे त्या करतात. युनिक्स परंपरेत त्यांना ‘डीमन’ ही संज्ञा आहे. पुष्कळ सेवा दुसऱ्या सेवांवर अवलंबून असल्याने, आदेश टंकून एक सेवा सुरू केली, तरी प्रत्यक्षात तिच्यामागील साखळी सुरू व्हावी लागते.

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीत ‘इनिट’ या प्रक्रियेचा अनुक्रमांक १ असतो व इतर सेवा तिच्यापासून सुरू होतात. सिस्टिम फाइव्ह (१९८३) या आवृत्तीच्या परंपरेत प्रत्येक सेवेच्या आदेशलेखाच्या नावात दोन अंकी क्रमांक घालून ते लेख चढत्या क्रमाने चालवीत. ही पद्धत समजण्यास सोपी होती. मात्र क्रमांकावरून क्रम कळे, कारण कळत नसे. २० नंतर ५५ चालविला जाई, पण ५५ ला २० ची खरोखर गरज आहे काय, हे लेख उघडून पाहिल्यावाचून उमगत नसे.

लेनार्ट पॉटरिंग व काय सीव्हर्स यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली ‘सिस्टिमडी’ ही व्यवस्था फेडोराने २०११ मध्ये व बऱ्याच वादानंतर डेबियनने २०१५ मध्ये स्वीकारली. तीत ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ या आदेशापुढे सेवेचे नाव लिहिले की, आवश्यक सेवाही आपोआप सुरू होतात. येथे गरज आणि क्रम या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत, हे ध्यानात न घेतल्याने अनेक चुका होतात. ‘रिक्वायर्स’ या शब्दाने केवळ गरज नोंदविली जाते, ‘आफ्टर’ने क्रम. पहिलाच लिहिला, तर दोन्ही सेवा एकाच वेळी सुरू होतात. मग डेटाबेस साठविण्याची तबकडी जोडली जाण्यापूर्वीच तो कार्यक्रम चालू होऊन रिकाम्या निर्देशिकेत नवी माहिती लिहू लागण्याचा संभव असतो. हा दोष वाईट अशासाठी की, तबकडी त्वरेने जोडली गेली, तर तो महिनोन्‌महिने दिसतच नाही. ‘वॉन्ट्स’ हा सौम्य प्रकार असून त्यात साहाय्यक सेवा अयशस्वी झाली, तरी मुख्य सेवा चालू राहते.

क्रम लिहूनही काम भागतेच असे नाही. ‘सिंपल’ प्रकारच्या सेवेची प्रक्रिया निर्माण होताच ती सुरू झाली असे धरतात. ‘नोटिफाय’ प्रकारात मात्र सेवेने स्वतः सिद्धतेचा संदेश पाठवेपर्यंत पुढील सेवा थांबतात.

विंडोजमध्ये ‘नेट स्टार्ट’ या आदेशाने अवलंबित सेवेच्या आधी तिला लागणाऱ्या सेवा सुरू केल्या जातात. त्यांपैकी एखादी अक्षम केलेली असल्यास १०६८ क्रमांकाचा दोष दर्शविला जातो. ‘नेट स्टॉप’ने सेवा बंद करताना तिच्यावर विसंबलेल्या चालू सेवांची यादी दाखवून वापरणाऱ्याची संमती विचारली जाते.