शस्त्रक्रियेनंतरचे न दिसणारे दुखणे

विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवकाची एक हकीकत आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला कोलांटउड्या खेळताना पीळ पडला. पेज पचेना, शौचास होईना. बिंबिसार राजाच्या आज्ञेने जीवक तेथे गेला. त्याने मुलाला खांबाला बांधून पोट उघडले, आतड्याची गाठ बाहेर काढून त्याच्या पत्नीला दाखवली, ती सोडवली व पोट शिवले. मुलगा बरा झाला. जीवकाने ती गाठ पत्नीला दाखवली, हे मला फार मोलाचे वाटते. घरच्यांना दुखणे डोळ्यांनी दिसले.

आज आपल्या अनेक भगिनींच्या बाबतीत तसे होत नाही. अपेंडिक्स, सिझेरियन किंवा गर्भपिशवीचे ऑपरेशन होऊन वर्ष लोटते, तरी पोटात ओढ लागते. सोनोग्राफी 'नॉर्मल' येते आणि घरात "नाटक करते" असे ऐकावे लागते.

पोटातील अवयवांवर एक पातळ, ओलसर पडदा असतो. त्यामुळे आतडी एकमेकांवरून सहज सरकतात. शस्त्रक्रियेत हा पडदा दुखावला की त्यावर चिकट थर जमतो. तो काही दिवसांत विरघळला तर ठीक, नाही तर त्याचे तंतू बनून अवयव एकमेकांना चिकटतात. पोट उघडून केलेल्या बहुतेक शस्त्रक्रियांनंतर असे थोडेफार होतेच. पुष्कळांना त्रास होत नाही, काहींना होतो. हे तंतू सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी दुखणे खोटे ठरत नाही.

ऑपरेशननंतर डॉक्टरांच्या परवानगीने लवकर चालू लागावे. खोकताना पोटावर उशी धरावी. पाण्याचा हंडा मात्र निदान सहा आठवडे दुसऱ्याने उचलावा. सासूबाईंनीही हे ध्यानात घ्यावे! पुढे दुखणे राहिलेच तर थोडे थोडे, चावून खावे, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने रोज वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्याने जठर व मूत्रपिंड बिघडतात.

"पुन्हा पोट उघडून तंतू कापून टाका" असा आग्रह पुष्कळजण धरतात. पण कापलेल्या जागी नवे तंतू येतात. नेदरलँडमध्ये १०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. दुर्बिणीतून तंतू कापलेल्या व नुसते तपासून पाहिलेल्या, अशा दोन्ही गटांतील रुग्णांना सारखाच आराम पडला होता.

सल्लसुत्तात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण, त्यावरचा शोक व संताप हा दुसरा. आनापानसतीने दुसऱ्याची धार कमी होते. औषध सोडून ध्यान करावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

पोटात कळा येऊन उलट्या होत असतील, पोट फुगले असेल, शौच व वारा दोन्ही बंद झाले असतील, तर आतडे अडकल्याची शक्यता असते. अशा वेळी ओव्याचा काढा, एनिमा, जुलाब यांत वेळ न घालवता ससून किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. ऑपरेशन वीस वर्षांपूर्वीचे असले तरी ते डॉक्टरांना सांगावे व जुने कागद सोबत न्यावेत.